वहिनी चुंबकात गेली तेव्हा

वहिनीच्या पोटात बाळाशेजारी आणखी काहीतरी आहे, हे डॉक्टरबाईंनी आधी मला सांगितलं. वहिनी तेव्हा तपासणीच्या टेबलावर बसून साडी सावरत होती आणि यंत्राच्या काळ्यापांढऱ्या पडद्याकडे टक लावून बघत होती. तिला मघाशी त्या पडद्यावर बाळाचं हृदय लुकलुकताना दाखवलं होतं. पडदा बंद झाला तरी तिची नजर तिथून हलत नव्हती.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. रत्नागिरीत सोनोग्राफीचं यंत्र नवीनच आलं होतं आणि ते ज्या दवाखान्यात होतं तिथे लांबलांबच्या गावांतून बाया येऊन बसत. मी शहरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि मांडवीत एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. आमचं घर आरे-वारेच्या वरच्या अंगाला, सड्यापलीकडच्या, म्हणजे उघड्या कातळी माळापलीकडच्या गावात. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे दवाखाना, कचेरी, पोस्ट, जिथे कुठे छापील कागद किंवा साहेब असेल तिथे मला पुढे करायचं अशी घरची रीतच पडली होती. मला त्याचं ओझं कधी वाटलं नाही. आईआबांनी गुरं राखायच्या वयात मला गुरांमागे न पाठवता शाळेत धाडलं होतं. त्याची फेड अशी थोडीथोडी होत असेल तर मला हवीच होती.

"गर्भ छान आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण उजव्या बीजकोशाला गाठ आहे. चांगली पायरी आंब्याएवढी. तिच्यात काही भाग पातळ दिसतोय, काही घट्ट. असं दोन तऱ्हेच्या गाठींत दिसतं. एक तऱ्हा निरुपद्रवी. दुसरी कर्करोगाची. ह्या यंत्रावर मला त्या दोघींतला फरक खात्रीने सांगता येत नाही."

मी विचारलं, "मग करायचं काय?"

"निरुपद्रवी असेल तर पाचव्या महिन्यात सावकाश काढू. बाळ आपल्या जागी, गाठ तेवढी बाहेर. पण दुसरी असेल तर थांबता येणार नाही. आणि मग बाळाचं मी काही सांगू शकत नाही."

हे ऐकताना वहिनी टेबलावरून उतरून कधी माझ्या मागे येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिने एकच विचारलं, "बाळ ऱ्हाईल ना, बाई?"

डॉक्टरबाईंनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. त्या म्हणाल्या, "तेच बघायला तुम्हाला मुंबईला पाठवतेय."

वहिनीच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. दादा बोटीवर होता. आमच्याकडे बोटीवर म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजावर, वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रात. गावातल्या बाया वहिनीला अजून काही नाही का म्हणून विचारत, तेव्हा ती आपल्या माहेरच्या वेळणेश्वरी ठसक्यात सांगे, "नवरा बोटीवर, मी सड्यावर. मूल काय टपालाने येनार?" बाया हसत. पण संध्याकाळी विहिरीवरून एकटी येताना तिचा चेहरा कसा असे ते मी सुट्टीत घरी असताना पाहिलेलं होतं. आता दिवस राहिले होते, चौथा संपत आला होता, आणि दादा कुठल्याशा परक्या बंदराच्या वाटेवर होता. त्याला पत्र पोचायचं म्हणजे त्याच्या पुढच्या बंदरात, तेही पोचलं तर.

डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं, की मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात नुकतंच एक यंत्र आलं आहे, एमआरआय नावाचं. त्यात क्ष-किरण नसतात. ते चुंबकावर चालतं. पोटात मूल असताना क्ष-किरणांचं स्कॅनिंग त्या करू देणार नव्हत्या. ह्या यंत्राने बाळाला अपाय झाल्याचं कुणी पाहिलेलं नाही, तरी ते नवीन आहे म्हणून पहिले तीन महिने टाळतात, आणि वहिनीचे तीन उलटून गेले होते. त्यांच्या एका जुन्या प्राध्यापकांच्या ओळखीने तिथे दिवस मिळाला. तो दिवस चुकला तर पुढचा कधी मिळेल याची खात्री नव्हती.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती चुलीपाशी बोंबील भाजत होती.

"चुंबक?" ती म्हणाली. "माजी सून काय खिळा हाय?"

"आई, माणसाच्या अंगातल्या पाण्यावर चालतं ते."

"पानी चुंबकाला चिकटतं? हे तुला कुणी शिकवलं गो कॉलेजात?"

मी वहिनीलाच धरून बसवलं. खरं सांगायचं तर समजावताना मीच ते पहिल्यांदा नीट समजून घेत होते. पदवीच्या शेवटच्या वर्षी पुस्तकात या विषयाचं जेमतेम पानभर काहीतरी होतं. मी म्हटलं, "शाळेच्या प्रार्थनेला पोरं मैदानावर कशी वाकडीतिकडी उभी असतात? तसे आपल्या अंगातल्या पाण्याचे आणि चरबीचे बारीक बारीक कण. मोठ्या चुंबकाने 'सावधान' म्हटलं की त्यांतले पुष्कळसे एका दिशेला तोंड करतात. मग त्यांना रेडिओसारख्या लहरीने जरा ढकलायचं. ते कलतात आणि परत सरळ होतात. परत होताना बारीकसा संदेश देतात, तो यंत्र ऐकतं. चरबीतले कण लवकर जागेवर येतात, पाण्यातले रेंगाळतात. त्यावरून चित्र काढायचं."

वहिनीने जरा विचार केला. "म्हनजे कुठली पोरं लवकर जागेवर आली त्यावरून वर्ग वळखायचा."

"अगदी."

"मग सोपं हाय," ती म्हणाली आणि कोळंबी सोलायला बसली. आई मात्र गप्प झाली. आई गप्प झाली की तिचं काहीतरी ठरलेलं असतं.

दोन दिवसांनी आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. आईने वहिनीची ओटी भरली, दिवा ओवाळला आणि देवाजवळचा अंगारा लावला. पोटुशी बाई गावाची वेस ओलांडून जाते म्हटल्यावर हे सगळं होणारच होतं. घाटात वहिनीला मळमळलं, मी तिला आवळासुपारी दिली, आणि पनवेल येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मुंबईत आम्ही चुलत्यांकडे उतरलो.

रुग्णालयाच्या त्या विभागात शिरताना मला स्वतःला दडपण आलं होतं. सगळीकडे थंडगार, फरशी आरशासारखी, आणि बोलणारे सगळे हळू आवाजात इंग्रजी बोलत होते. मी माझं इंग्रजी मनात जुळवत खिडकीशी गेले, तर समोरच्या बाई म्हणाल्या, "रत्नागिरीच्या ना? या, बसा. पाणी देऊ?" माझं जुळवलेलं इंग्रजी तसंच राहिलं.

एका आयाबाईंनी वहिनीला आत नेलं. अंगावर धातूचं काही नको, असं त्यांनी बजावून सांगितलं. बांगड्या काचेच्या होत्या, त्या चालत होत्या. जोडवी, कानातली, केसातल्या पिना निघाल्या. मंगळसूत्रापाशी वहिनी थबकेल असं मला वाटलं होतं. पण तिने ते शांतपणे काढून माझ्या हातात दिलं आणि पिशवीतून हळकुंड ओवलेला दोरा काढून गळ्यात बांधला. मंगळसूत्र तुटलं की नवं ओवेपर्यंत आमच्याकडे बाया असं हळकुंड बांधतात. ती घरूनच तयारीने आली होती. आयाबाई खूश झाल्या. "बघा, अशी पेशंट पाहिजे. काल एक बाई रडून रडून गेली."

रुग्णालयाचा झगा गुडघ्यापर्यंत आखूड आणि पाठीमागे उघडा होता. वहिनी लाजली. आयाबाईंनी विचारलं, "परकराला हुक-बिक आहे?"

"नाय, नाडीच हाय."

"मग राहू दे परकर."

मला दाराशी असलेल्या काचेच्या खोलीत, यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांच्या मागे उभं राहायला परवानगी मिळाली. विज्ञानाची शिक्षिका आहे असं सांगितलं, त्याचा हा फायदा. काचेतून ते यंत्र दिसत होतं. भलामोठा पांढरा ठोकळा आणि त्याच्या मधोमध आरपार भोक. वहिनी फळीवर आडवी झाली. फळी हळूहळू आत सरकू लागली. आणि वहिनीचा आवाज ध्वनिक्षेपकातून आला.

"वन्सं! परकर वडतंय कोनतरी!"

तंत्रज्ञांनी झटकन फळी थांबवली. काचेतून मला स्पष्ट दिसलं: परकराच्या नेफ्याचा एक कोपरा तंबूच्या टोकासारखा वर उभा राहिला होता आणि भोकाकडे तोंड करून थरथरत होता. वहिनीने तो दोन्ही हातांनी गच्च दाबून धरला होता.

फळी बाहेर आली. तंत्रज्ञ आत धावले. ते साधारण माझ्याच वयाचे, मुंबईत वाढलेले, चष्मेवाले गृहस्थ होते. "बाई, काय आहे तिथे?"

वहिनीने झगा नेफ्यावर ओढून घेतला.

"अहो, धातू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

मी दारात गेले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं उमगलं. पोटुशी बाई घराबाहेर पडली, खाडी ओलांडून गेली, तर तिच्याजवळ लोखंड हवं, अशी आमच्याकडची समजूत. घरात उशाखाली सुरी किंवा विळा ठेवतात. प्रवासात काहीतरी बारीक बरोबर देतात. आईने जुन्या विळ्याचं तुटलेलं टोक नेफ्यात शिवून दिलं होतं. वहिनीला ते ठाऊक होतं.

"दागिने काढा म्हनाल्या," वहिनी हळूच म्हणाली. "ह्यो काय दागिना हाय?"

तंत्रज्ञ माझ्याकडे वळले. "हे काढून ठेवा लगेच, मग पुढे जाऊ."

"मी नाय काढनार," वहिनी म्हणाली.

पुढचा प्रसंग आठवला की मला आता हसू येतं, पण तेव्हा मिळालेला दिवस हातचा जातो की काय असं वाटत होतं. बाहेर पुढचा रोगी येऊन बसला होता. तंत्रज्ञ घड्याळाकडे बघत होते. वहिनी फळीवर उठून बसली होती, नेफ्यावर मूठ आवळून. "सासूबाईंना शब्द दिलाय. घरी पोचेपर्यंत अंगावेगळं करनार नाय म्हनून. वन्सं, तुमी मला पोरांची गोष्ट सांगितली ती खरी असेल. पन ह्या पोराला काय झालं तर मी कुनाला विचारू?"

तिला अडाणी म्हणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. जी भीती माझ्या पोटात होती तीच तिच्या पोटात होती. फक्त तिने ती मुठीत धरली होती.

तंत्रज्ञांनी चष्मा काढून पुसला. मग ते फळीशेजारच्या पायरीवर चक्क बसले. "वहिनी, लोखंड कशाला पाहिजे हो तुम्हाला?"

"बाधा होऊ नये म्हनून."

"बरं. ह्या खोलीच्या भिंती बघा. आत काय आहे माहीत आहे?"

"काय?"

"लोखंड. जाडजूड पत्रे. चारी बाजूंनी, वरखाली. हा चुंबक इतका मोठा आहे, की तो अडवला नाही तर पलीकडच्या खोलीतली घड्याळं बंद पडतील. म्हणून ही सगळी खोलीच लोखंडात बसवलीय."

वहिनीने भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळली. "खरं, वन्सं?"

"खरं," मी म्हटलं. मला ते माहीत नव्हतं, पण कानावर पडताच पटलं होतं.

"म्हनजे मी आताच लोखंडाच्या पेटीत बसलेय."

"बसलाय म्हणजे काय," तंत्रज्ञ म्हणाले, "एवढ्या लोखंडात आख्ख्या रत्नागिरीत कुणी बसलं नसेल."

वहिनीने मूठ सोडली. "मग सासूबाईंचा तुकडा वन्संकडे द्या. तो लहान हाय." आयाबाईंनी कात्रीने टाके उसवले, खोलीच्या बाहेर जाऊन, कारण कात्रीही आत आणता येत नव्हती. परकराऐवजी चादर गुंडाळून वहिनी परत आडवी झाली आणि भोकात दिसेनाशी झाली.

ती तपासणी पुष्कळ वेळ चालली. ठकठक, ठकठक, मग थांबून घरघर. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, की आत कुणीतरी तिच्यासाठी भात कांडत होतं. मधे तिला झोपही लागली होती. मला मात्र उभ्याउभ्या पायांत गोळे आले.

दुसऱ्या दिवशी एका वयस्क डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर फिल्म लावल्या होत्या. मी वहिनीचा हात धरला होता.

डॉक्टरांनी आधी बाळ दाखवलं. हललं असल्यामुळे ते अस्पष्ट उमटलं होतं. "हा काही फोटोला स्थिर बसलेला नाही," ते म्हणाले. मग बोट उजवीकडे नेलं. "ही गाठ. तिच्यातला हा भाग बघा, कसा पांढराशुभ्र आहे. आणि ही तुमच्या पोटाच्या कातडीखालची चरबी. रंग सारखा आहे ना? आता ही दुसऱ्या पद्धतीने काढलेली फिल्म. इथे कातडीखालची चरबी मंदावलीय, आणि गाठीतला तो भागही तिच्याबरोबर तसाच मंदावलाय. पहिल्या फिल्मवर साकळलेलं रक्तही पांढरं दिसू शकतं, पण इथे ते चरबीसारखं मंदावलं नसतं."

मी जवळ जाऊन बघितलं. गाठीच्या आत एक आडवी रेघ होती, अगदी सरळ. रेघेच्या वर उजळ, खाली काळसर. मी न राहवून म्हटलं, "ताकावर लोणी आल्यासारखं."

डॉक्टरांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. "बरोबर. चरबी तरंगते, पाणी खाली राहतं. ही डर्मॉइड गाठ आहे. जन्मापासून बीजकोशात असते ही, हळूहळू वाढते. आत चरबी, कधी केस, कधी दातसुद्धा. कर्करोगासारखं मला ह्यात काहीच दिसत नाही. शेवटचा शब्द गाठ काढून प्रयोगशाळेत तपासल्यावरच. पण माझ्या घरातली मुलगी असती तर मी आज निवांत झोपलो असतो."

वहिनीला 'डर्मॉइड' कळलं नाही आणि ताकाशी तिला देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "डॉक्टर, बाळ ऱ्हातं का?"

"राहतं की. का नाही राहणार?"

वहिनी उठली. पदर खोचला. "वन्सं," ती म्हणाली, "मला भूक लागली."

आम्ही रुग्णालयासमोरच्या एका उपाहारगृहात बसलो. वहिनीने दोन बटाटेवडे खाल्ले, मग मिसळ मागवली, मग माझ्या ताटलीतला वडाही घेतला. मी नुसती तिच्याकडे बघत होते. मला त्या क्षणी कितीतरी माणसांचे उपकार आठवत होते: डॉक्टरबाई, त्यांचे प्राध्यापक, पायरीवर बसलेले ते तंत्रज्ञ, आणि माझ्या गावच्या शाळेतले गुरुजी, ज्यांनी आबांच्या मागे लागून मला पुढे शिकायला लावलं. त्यांतल्या कुणाचंच वहिनीशी नातं नव्हतं.

पाचव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी आणि एका शल्यविशारदांनी मिळून रत्नागिरीतच शस्त्रक्रिया केली. गाठ सोलून काढली, बीजकोश जेवढा वाचवता आला तेवढा वाचवला. आईला डॉक्टरबाईंनी विचारलं, गाठीत काय निघालं ते बघायचंय का. आईने पाहिलं: लोण्यासारखा गोळा आणि त्यात लांब काळ्या केसांचं बुचकं. ती जराही दचकली नाही. म्हणाली, "केस चांगले दाट हायत. सुनेवर गेलेत." प्रयोगशाळेचं उत्तर तेच आलं, निरुपद्रवी. वहिनी आठवडाभर दवाखान्यात होती. पेजेला कंटाळून तिने माझ्याकडून गुपचूप लोणच्याची फोड मागून घेतली, आणि डॉक्टरबाईंना कळल्यावर आम्ही दोघींनी बोलणी खाल्ली.

मुलगी झाली, दिवस पूर्ण भरून. वजनाने चांगली, आवाजाने त्याहून चांगली. दादाला ही बातमी कुठल्या बंदरात मिळाली ते मला आता आठवत नाही. त्या खेपेला त्याचा करार वाढला होता, त्यामुळे तो घरी आला तेव्हा पोर रांगायला लागली होती. अंगणात बॅग टाकून त्याने तिला उचलायला हात पुढे केले, तर तिने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि असा टाहो फोडला, की शेजारची कुत्री भुंकायला लागली. ती रांगत जाऊन वहिनीच्या पायांत शिरली.

दादा कानकोंडा झाला. "माझी पोर मला ओळखत नाही."

"तिने कशाला वळखायचं?" वहिनी पोरीला कडेवर घेत म्हणाली. "ती घरची हाय. तुमी सुट्टीवर आलेले पाव्हने. आता तुमीच तिची वळख करून घ्या."

दादा खाली अंगणातच मांडी घालून बसला. पोरीने वहिनीच्या खांद्याआडून एक डोळा बाहेर काढला. त्याने टाळी वाजवली. तिने डोळा लपवला. त्याने पुन्हा वाजवली. आई आतून हाक मारत होती, की जेवणं वाढली आहेत, पण उठायची कुणालाच घाई नव्हती.